पेटीतून बाहेर आल्यावर

संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्यात कर्वेनगरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात ठरलेली मंडळी जमलेली असतात. बाकांवर आजी-आजोबा, घसरगुंडीपाशी शाळकरी मुलं आणि कडेकडेने बाबागाड्या ढकलणाऱ्या नव्या आया. तान्ह्या बाळाबद्दल तिथे पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, "किती महिन्यांचं झालं?" बाकीच्या आया पटकन सांगून मोकळ्या होतात. दिवस भरायच्या दहा आठवडे आधी बाळंत झालेली आई मात्र थबकते. "सहा" म्हणावं तर बाकावरच्या काकू लगेच विचारणार, "अगंबाई, अजून पालथा पडत नाही?" "पावणेचार" म्हणावं तर बाळाची जन्मतारीख लपवल्यासारखं वाटतं.

तिची दोन्ही उत्तरं बरोबर असतात. पोटातला काळ ४० आठवड्यांचा. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. तिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ कॅलेंडरप्रमाणे सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवड्यांचं होतं, तेव्हा त्यातले पहिले दहा आठवडे त्याने खरं तर आईच्या पोटात काढायचे होते. ते वजा केले की १६ आठवडे उरतात. डॉक्टर याला 'करेक्टेड एज' म्हणतात. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. पण हसणं, मान धरणं, पालथं पडणं, बसणं, पहिला शब्द हे सगळं साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत ही वजाबाकी करूनच पाहायचं. पावणेचार महिन्यांचं बाळ मान सावरायला लागलं असेल, तर ते अगदी वेळेवर चाललं आहे.

वजाबाकी साधीच आहे. पण ती आईला, बाबांना, दोन्हीकडच्या आज्यांना आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना शांतपणे समजावणारं कोणीतरी लागतं, आणि ते एकदा सांगून भागत नाही. माझ्या मते अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अर्धी लढाई इथेच असते. बाळ 'काचेत' असेपर्यंत सगळ्यांचं लक्ष त्या पेटीकडे असतं. रोजचं वजन, ऑक्सिजन, नळीतून गेलेलं दूध. बाळ घरी आलं की पेढे वाटले जातात, आणि बऱ्याच घरांत लक्ष तिथेच संपतं. त्या बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने मात्र खरं काम तेव्हा सुरू झालेलं असतं.

२०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, म्हणजे दर दहांतलं एक. त्यांतली ३० लाख भारतातली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. यांना जगवण्याचं शास्त्र दोन पिढ्यांत फार पुढे गेलं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरीही ३९ तासांत तो गेला. फुप्फुसं उघडी ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ तयार होण्याआधीच अशी बाळं जन्मतात, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. पण उपाय हाती नव्हता. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसं आधीच तयार करता येतात हे १९७२ मध्ये सिद्ध केलं, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सरफॅक्टंट थेट बाळाच्या श्वासनलिकेत सोडलं. आज पॅट्रिकएवढं बाळ पुण्यातल्या चांगल्या नवजात विभागातून बहुधा घरी जातं.

घरी गेल्यावर त्याचं काय होतं? या प्रश्नाचं भारतातलं एक फार मोलाचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे, आणि पुणेकरांना त्याची फारशी माहिती नाही याचं मला वाईट वाटतं.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या नवजात विभागातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात जी बाळं घरी गेली, त्यांतली जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेखाली ठेवायचं ठरवलं. तुलनेसाठी पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची बाळंही घेतली. आणि मग ते त्यांना बोलावत राहिले. तान्हेपणी, सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी. वैद्यकीय साहित्यात हे काम 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' या नावाने ओळखलं जातं.

त्या काळाचं पुणं डोळ्यांसमोर आणा. फोन मोजक्या घरांत. माणसं वाड्यातून चाळीत, चाळीतून कोथरूड-कर्वेनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये, कुणी गावी परत. बदलत्या पत्त्यांवरच्या मुलांना अठरा वर्षं शोधत राहायचं, आणि "आमचं मूल तर आता ठणठणीत आहे, कशाला यायचं?" म्हणणाऱ्या आईवडिलांना पुन्हा पुन्हा पटवायचं. अठराव्या वर्षी या कमी वजनाच्या बाळांपैकी १६१ आणि तुलनेतल्या मुलांपैकी ७३ जण तपासणीसाठी हजर होते. आपल्याकडे इतका लांबचा पाठपुरावा फार दुर्मीळ आहे. या आकड्यांमागे डॉक्टरांइतकेच मानसशास्त्रज्ञांचे, समाजसेवकांचे, नोंदी ठेवणाऱ्यांचे श्रम आहेत.

काय दिसलं? या मुलांची बुद्धी सरासरीने सर्वसाधारण कक्षेतच राहिली, पण पुऱ्या दिवसांच्या मुलांपेक्षा थोडी खाली. सर्वांत जास्त फटका बसला तो दुहेरी ओझं घेऊन आलेल्यांना, म्हणजे जी लवकर तर जन्मलीच, पण पोटातही ज्यांचं पोषण अपुरं झालं होतं. बाराव्या वर्षी एक गोष्ट ठळक झाली. डोळ्याने पाहिलेलं हाताने उतरवणं, हालचालींचा मेळ, वाचन आणि गणित या ठिकाणी ही मुलं जास्त अडखळत होती. चालायला-बोलायला लागलेलं, हसतं-खेळतं मूल पाहून सगळे निर्धास्त झालेले असतात. अडचण डोकं वर काढते ती फळ्यावरचं वहीत उतरवताना. आणखी एक निष्कर्ष मला सतत आठवतो. या मुलांच्या बुद्धीच्या वाढीत आईचं शिक्षण हा महत्त्वाचा घटक निघाला. त्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

हे सगळे सरासरीचे निष्कर्ष आहेत. एखाद्या घरातल्या एखाद्या मुलाची कुंडली त्यातून मांडता येत नाही. बाराशे ग्रॅमचं बाळ इंजिनिअर होतं आणि अठराशे ग्रॅमच्या बाळाला लिहिता येईना म्हणून शाळा बदलावी लागते, असंही घडतं. सरासरी आपल्याला कुठे पाहायचं एवढंच सांगते.

पाहायचं कसं, हे सांगणारी मोजपट्टीही मराठी माणसाच्याच कामातून उभी राहिली आहे. बाळाच्या विकासाच्या परदेशी कसोट्या परदेशी बाळांवर बेतलेल्या होत्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या कसोट्या घेऊन भारतीय बाळांवर त्या तपासल्या आणि आपल्या बाळांचे मापदंड १९७० मध्ये तयार केले. १९९७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. 'डासी' या नावाने ती देशभरच्या बालविकास केंद्रांत वापरली जाते, आणि तिचा संच पुण्यातून प्रसिद्ध होतो. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत. हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ बाबी.

आकडे ऐकून दडपण येतं, पण तपासणी पाहिली तर ती खेळासारखी दिसते. लाल कडं डोळ्यांसमोरून फिरवलं की नजर त्याच्यामागे जाते का? घंटा वाजली की मान वळते का? हातात एक ठोकळा असताना दुसरा पुढे केला तर बाळ काय करतं? फडक्याखाली लपवलेली वस्तू शोधतं का? लहानसा दाणा मुठीने ओढतं की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतं? आई जवळ बसून पाहत असते, आणि बाळाला काहीतरी जमलं नाही की तिचाच चेहरा पडतो. ही परीक्षा नव्हे, हे तिला आधी सांगायला हवं. न जमलेली गोष्ट पुढच्या महिन्यात घरी कुठला खेळ खेळायचा हे सांगते, एवढाच तिचा उपयोग.

*

लवकर येण्याने मेंदूचं नेमकं काय होतं, ते थोडक्यात सांगते. पोटातले शेवटचे तीन महिने मेंदूच्या बांधकामाचे सगळ्यात धावपळीचे. चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचं वजन पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्के असतं. विसाव्या आठवड्याच्या पुढेमागे जवळजवळ गुळगुळीत असलेल्या पृष्ठभागावर या काळात घड्या पडत जातात. २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेच्या कोवळ्या पेशी विशेष नाजूक असतात. रक्तपुरवठा कमीजास्त झाला, जंतुसंसर्ग झाला, तर इजा होते ती तिथे. पायांच्या हालचालींचे तंतू या पोकळ्यांना अगदी लागून जातात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पायांचा ताठरपणा जास्त दिसतो, हात बरेचदा वाचलेले असतात. बाळाची टाळू उघडी असते, त्यामुळे तिथून सोनोग्राफी करून रक्तस्राव झाला का ते पाहता येतं. आईच्या पोटावर करतात तीच तपासणी, बाळाला न हलवता, पेटीपाशीच.

आणि हे सगळं बांधकाम अंधाऱ्या, उबदार, संथ हेलकाव्याच्या जागेऐवजी दिव्यांच्या लखलखाटात, यंत्रांच्या आवाजात, सुयांच्या टोचण्यांत चालू असतं. म्हणून चांगल्या नवजात विभागात आता पेटीवर कापड टाकतात, बाळाभोवती दुपट्याचं घरटं करतात, टोचायचं-पुसायचं एकाच वेळी उरकून त्याला झोपू देतात. ही कामं परिचारिकांची. रात्री तीन वाजता ऑक्सिजनचा आकडा घसरला तर पहिला हात त्यांचाच पुढे येतो. कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात श्रीमती बकुळ तांबट यांच्या नावाची परिचारिका-शिक्षण संस्था आहे. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींबद्दल आपण पुरेसं बोलत नाही, पुरेसा पगार तर देतच नाही.

आता घरातल्यांनी काय पाहायचं ते. इथे मला थोडं सावकाश लिहायचं आहे, कारण काही खुणा अशा असतात की त्यांचं कौतुकच होतं.

बाळाला काखेत धरून उभं केलं की ते पाय ताठ करून चवड्यांवर उभं राहतं. आजोबा म्हणतात, "बघा, पाचव्या महिन्यात उभा राहिला! पायात केवढी ताकद आहे!" ती ताकद नसूही शकते. स्नायूंचा ताठरपणा असू शकतो, विशेषतः पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील तर. दुसरं, बाळ आठ महिन्यांचं आहे आणि प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेतं. "आमच्या आत्यासारखा डावखुरा आहे," असं घर ठरवून टाकतं. पण वर्षाच्या आत बाळाने एकच हात पक्का करणं नेहमीचं नव्हे. दुसरा हात मागे का पडतोय ते पाहायला हवं. तिसरं, बाळ फार शांत आहे, अजिबात त्रास देत नाही. फार शांत बाळालाही एकदा दाखवावं. वय वजाबाकी करून मोजल्यावर तीन महिन्यांनंतरही आईकडे पाहून हसत नाही, नजर ठरत नाही, चौथ्या महिन्यानंतरही अंगठा मुठीत गच्च मिटलेला राहतो, आठ-नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. यांतलं काही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणत थांबायचं नाही.

घाबरायचंही नाही. या बाळांपैकी अनेकांच्या अंगात पहिल्या वर्षात तात्पुरता ताठरपणा येतो आणि वाढत्या वयाबरोबर सुटतो. तो सुटणारा आहे की राहणारा, हे घरी बसून कळत नाही. अनुभवी डोळ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी पाहिल्यावर कळतं. पाठपुराव्याचं महत्त्व ते हेच. राहणारा असेल, तर फिजिओथेरपी सहाव्या महिन्यात सुरू होणं आणि तिसऱ्या वर्षी सुरू होणं यात मुलाच्या चालण्याचा फरक असतो.

डोळ्यांच्या बाबतीत तर महिनेही हातात नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ अर्धी राहिलेली असते. बाहेर आल्यावर, विशेषतः ऑक्सिजन जास्त झाला तर, त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. हा आजार, आरओपी, बाहेरून दिसत नाही. डोळे सुंदर, चमकदार असतात. भारतातला नियम असा आहे की दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा. फार लहान बाळांचा त्याहूनही आधी, जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. उशीर झाला तर मूल कायमचं आंधळं होतं. इथे वजाबाकी चालत नाही, दिवस जन्मतारखेपासूनच मोजायचे. सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही, बाळाला बाहेर काढायचं नाही, ही रीत आजही पुष्कळ घरांत पाळली जाते. या बाळांपुरती ती मोडा. हात जोडून सांगते. कानांच्या तपासणीचंही तसंच. पहिल्या महिन्यात ती उरकून घ्यायची.

घरच्या रीतीभातींबद्दल डॉक्टर आणि आजी यांच्यात बरेचदा ताण असतो, आणि मधे सापडते ती सून. मला वाटतं, रीतींमधून निवड करता येते. धुरी नको, ज्या फुप्फुसांनी महिनाभर यंत्राच्या आधाराने श्वास घेतला, त्यांना धूर सोसत नाही. नाका-कानांत तेल नको, गुटी नको. न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा जोरदार हात वजन वाढेपर्यंत नको. पण खोबरेल तेलाचा हलका हात आईने फिरवला तर उत्तम. बोंडलं तर फारच कामाचं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. तोपर्यंत नळी, आणि नळीपासून अंगावर येईपर्यंतच्या मधल्या टप्प्यात बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने आईचंच दूध. देशातल्या नवजात विभागांत हीच पद्धत वापरतात. फक्त बोंडलं दर वेळी उकळून घ्यायचं. स्वतःचं दूध पुरत नसेल तर दुसऱ्या आयांचं दान केलेलं दूध देणारी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. आशियातली ती पहिली. पुण्यातही ससूनसारख्या रुग्णालयात आता दूधपेढी आहे.

आणि बाळाला छातीशी, उघड्या अंगाला उघडं अंग लावून धरणं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी पेट्या पुरत नाहीत म्हणून हे सुरू केलं. पुढे कळलं की पेट्या असल्या तरी हे करायलाच हवं. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जन्मल्याबरोबर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या लहान बाळांपैकी पहिल्या महिन्यात १२ टक्के दगावली. आधी स्थिर होऊ दिलेल्यांपैकी १५.७ टक्के. बोगोटातली मुलं वीस वर्षांनी पुन्हा पाहिली तेव्हा छातीशी वाढलेल्यांमध्ये शाळेतली गैरहजेरी कमी होती, चंचलपणा आणि आक्रमकता कमी होती. बाबांनीही हे करायचं. सदऱ्याची बटणं उघडून दीड किलोचं बाळ छातीवर घेऊन तासभर हलायचं नाही, हे सोपं काम नाही. पण ज्या बापांनी ते केलं, त्यांना पुढे "बाळाकडे लक्ष द्या" म्हणून सांगावं लागत नाही.

शहरातली रुग्णालयं हाताशी नसतील तर? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, फारशा न शिकलेल्या गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, लहान बाळाला उबदार पिशवीत ठेवायला आईला शिकवत. दर हजारी ६२ नवजात मृत्यू होत, ते दहा वर्षांत २५ वर आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. कर्वेनगरातल्या वडार वस्तीत किंवा गोसावी वस्तीत आशाताई दाराशी येते, तेव्हा तिच्या झोळीत गडचिरोलीचा थोडा अनुभव असतो. गंमत अशी की समोरच्या उंच इमारतीत ती जात नाही. तिथल्या आईकडे कार आहे, विमा आहे, मोबाइलवर शेकडो व्हिडिओ आहेत, पण घरी येऊन बाळ हातात घेऊन "छान चाललंय, आता याला जागेपणी थोडा वेळ पोटावर ठेवत जा" म्हणणारं कोणी नाही. त्या आईचाही एकटेपणा खरा आहे.

*

आता आईच्या शिक्षणाचं. केईएमच्या अभ्यासातला तो निष्कर्ष वाचला तेव्हा मला माझ्याच उपनगराचं नाव नव्याने कळलं. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधून विधवांसाठीचा आश्रम तिथे हलवला. पुण्यातून पायी येऊन शिकवायला सुरुवात केली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची सुरुवात याच हिंगण्यात झाली. हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर झालं ते त्यांच्यामुळे. बाई शिकली तर घर शिकतं, हे त्या पिढीने श्रद्धेने म्हटलं. पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी, त्याच शहरात, दोन किलोच्या आतल्या बाळांच्या नोंदींमध्ये तेच मोजून दिसलं.

याचा अर्थ कमी शिकलेली आई मुलावर कमी प्रेम करते असा अजिबात नाही. शिकलेली आई डिस्चार्ज कार्ड वाचते, तारीख लक्षात ठेवते, डॉक्टरांना उलटून प्रश्न विचारते. तिच्या घरी बहुधा जागा जास्त असते, पुस्तकं असतात, तिच्या शब्दाला किंमत असते. यातल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्यांना पुरवता येतात. बाळाशी बोलायला पदवी लागत नाही. चेहरा जवळ नेऊन बोलायचं, थांबायचं, त्याच्या हुंकाराची वाट पाहायची, पुन्हा बोलायचं. भाजी निवडताना, कपडे घालताना, बसमध्ये. फोनचा पडदा यातलं काहीच देत नाही. मात्र या बाळांना लवकर थकवाही येतो. जांभई, उचकी, बोटं फाकवणं, मान फिरवणं या त्यांच्या 'आता पुरे' म्हणायच्या पद्धती आहेत. "इकडे बघ, इकडे बघ" करत खुळखुळा नाचवत राहण्याऐवजी तेव्हा थांबायचं. एवढं आईला कुणीतरी शेजारी बसून दाखवलं, तर तिचं शिक्षण दहावी आहे की एम. ए. याने कमी फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. अशा लवकरच्या मदतीचा फायदा पहिल्या काही वर्षांत समजेत दिसतो, हे जगभरच्या चाचण्यांनी दाखवलं आहे. शाळेपर्यंत तो टिकवायचा तर मदतही शाळेपर्यंत चालू राहायला हवी.

यात सगळ्यात जास्त निसटतात ती ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत यांचीच संख्या मोठी. पेटीत दोन दिवस राहतात, किंवा राहतही नाहीत, आणि 'थोडंसंच लवकर' म्हणून कुणी पुढे बोलावत नाही. त्यांना काविळीचा, साखर उतरण्याचा, दूध नीट न ओढण्याचा धोका असतो आणि पुढे शाळेतल्या अडचणींचाही. सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, असं चरकसंहितेतही आहे. प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावर पडतो. म्हणूनच वैद्यकीय कारण नसताना मुहूर्त पाहून दोन-तीन आठवडे आधी सिझेरियन करायचा आग्रह धरू नये, आणि डॉक्टरांनीही तो मानू नये. पत्रिका चांगली व्हावी म्हणून मेंदूचे आठवडे कापून घ्यायचे, हे मला पटूच शकत नाही.

शाळाप्रवेशाच्या वेळी आणखी एक घोळ होतो. महाराष्ट्रात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरच्या रेषेवर ठरतं. मार्चमध्ये व्हायचं बाळ डिसेंबरमध्ये झालं, तर ते सरळ एका इयत्तेने पुढे ढकललं जातं. वर्गातलं सर्वांत लहान मूल, त्यातही तीन महिने कच्चं. अशा मुलाला एक वर्ष थांबवून घालण्यात काही कमीपणा नाही. शाळेला मात्र मुलाच्या जन्माबद्दल सांगून ठेवावं. पहिलीत 'क्ष' आणि 'ज्ञ' काढताना, ओळीत अक्षर बसवताना, फळ्यावरचं उतरवताना ते मागे पडलं, तर बाईंना ते आळशी वाटणार नाही. ओळीमधलं अंतर मोठं ठेवणं, फळ्याजवळ बसवणं, उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देणं, लिहायला जादा वेळ देणं, एवढ्यानेही पुष्कळ होतं. गणिताला धडपडणाऱ्या चौथीतल्या मुलाच्या पालकांना डॉक्टरांनी जन्माचं वजन विचारायला हवं, आणि पालकांनी ते सांगायला हवं.

खाण्यापिण्याचा मात्र अतिरेक नको. बारीक जन्मलेलं मूल 'गुटगुटीत' करायचा ध्यास आजीला असतो, आईलाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालू असलेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. कमी वजनाने जन्मून पुढे भराभर जाड झालेल्या मुलांना मोठेपणी मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची उंची, वजन आणि डोक्याचा घेर आलेखावर मांडत राहावं आणि तीनही रेषा बरोबरीने चढताहेत ना एवढं पाहावं.

१९८७ ते ८९ मधली केईएमची ती बाळं आज पस्तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या कुणाला मुलं झाली असतील, कुणी कर्वेनगरात राहतही असेल. अपुऱ्या दिवसांनी जन्मलेल्या बाईला स्वतःचं बाळंतपणही लवकर होण्याची शक्यता थोडी जास्त असते. पहिल्या तपासणीला गेल्यावर तिने आपण कितव्या आठवड्यात आणि किती वजनाच्या जन्मलो ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्यासाठी तिच्या आईने ते डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलेलं असायला हवं, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या हातात द्यायला हवं.